अपंगत्वाविषयीचा जुना मजकूर कसा वाचावा

जुना अहवाल, कायदा किंवा पाठ्यपुस्तकातील धडा हाती घेतला, की आधी एक गोष्ट शोधावी: अडचण नेमकी कुठे आहे, असे लिहिणाऱ्याने मानले आहे? ती पापात किंवा दैवात मानली असेल, तर पुढे दयेची आणि दानाची भाषा येते. शरीरात मानली असेल, तर उपचारांची आणि ‘सामान्य’ होण्याची.

शंका राहिल्यास वाक्याचा कर्ता पाहावा. दारापुढे तीन पायऱ्या आहेत आणि व्हीलचेअरवरील एक स्त्री खालीच थांबली आहे, असे समजा. ‘तिला पायऱ्या चढता येत नाहीत’ हे वाक्य तिच्या पायांकडे बोट दाखवते, तर ‘बांधणाऱ्याने येथे उतार ठेवलेला नाही’ हे वाक्य इमारतीकडे. हा दुसरा विचार ब्रिटनमधील अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडला: शरीरातील व्यंग वेगळे आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य व अपंगत्वाच्या २००१ च्या वर्गीकरणात भोवतालच्या परिस्थितीला स्थान दिले आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, व्यंग असलेली माणसे आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधातून अपंगत्व निर्माण होते, असे नमूद झाले. अर्थात, वेदना किंवा थकवा उतार बांधल्याने जात नाही. म्हणून वैद्यकीय दृष्टीचा मजकूर सरसकट टाकून देऊ नये, असे मला वाटते.

मात्र मजकूर जितका अलीकडचा तितका तो समंजस, असे गृहीत धरू नये. पॅरिसमध्ये अठराव्या शतकातच कर्णबधिर मुलांना खुणांच्या आधारे शिकवले जात होते. त्यानंतर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या, जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे असलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणविषयक परिषदेने केवळ मौखिक, म्हणजे बोलणे आणि ओठ वाचणे यांवर आधारलेल्या, शिक्षणाचे ठराव केले, आणि अनेक शाळांतून सांकेतिक भाषा व कर्णबधिर शिक्षक दोन्ही हद्दपार झाले. त्या ठरावांबद्दल कॅनडातील व्हँकुव्हर येथे याच विषयावर भरलेल्या परिषदेत खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. म्हणून मजकुरावरील वर्षाइतकेच लक्ष, तो ठरवताना खोलीत कोण बसले होते याकडे द्यावे.

उतारा उद्धृत करताना जुना शब्द बदलू नये, तो अवतरणचिन्हांत तसाच ठेवावा. स्वतःच्या वाक्यात मात्र ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांना विचारून त्यांनी निवडलेला शब्द वापरावा.