आफ्रिकेत छोटं विमान स्वतः उडवत बॉर्डरपार न्यायचंय? नाशिककर पायलटांसाठी

धुळे, शिरपूर, बारामती असं कुठंतरी पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) केलेले नाशिकचे बरेच जण भेटतात आणि लायसन्स हातात आल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच, आता उडवायचं कुठं. घरच्यांना मागं बसवून आठवडाभर फिरून यायचं असेल तर माझं उत्तर दक्षिण आफ्रिका. तिथं सेसना १७२ किंवा १८२ भाड्यानं मिळतं, तिथून बोत्सवाना, झांबिया, नामिबिया असं स्वतः उडवत जाता येतं आणि जंगलातल्या बऱ्याच लॉजना स्वतःची मातीची धावपट्टी असते. उडवणं हा त्यातला सोपा भाग. लोक अडकतात ते बॉर्डरला, आणि अडकतात कारण प्लॅनिंग उलट्या टोकाकडून करतात, म्हणजे आधी लॉज बुक करतात आणि मग विमान तिथं कसं न्यायचं ते बघतात.

पहिलं लायसन्स. तुमचं डीजीसीएचं लायसन्स तिथं जसंच्या तसं चालत नाही. १९४४ चा विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे शिकागो कन्व्हेन्शन, त्याचं कलम ३२ सांगतं की विमान ज्या देशात रजिस्टर्ड आहे त्या देशानं पायलटचं लायसन्स एकतर दिलेलं पाहिजे नाहीतर मान्य केलेलं पाहिजे. तिथली विमानं झेडएस नंबरची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत रजिस्टर्ड, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचं व्हॅलिडेशन, म्हणजे आपलं लायसन्स मान्य केल्याचा कागद, घ्यायचं. ते एकदा झालं की तेच विमान घेऊन बोत्सवानात गेलात तरी बोत्सवानाचं वेगळं व्हॅलिडेशन लागत नाही. पण बोत्सवानातल्या मौन गावाला उतरून तिथलं ए२ नंबरचं विमान भाड्यानं घेऊ म्हटलं तर परत पहिल्यापासून. व्हॅलिडेशनसाठी लायसन्स, मेडिकल, लॉगबुक, एफआरटीओएल (रेडिओवर बोलायचं लायसन्स) आणि इंग्लिश प्रोफिशियन्सी लेव्हल ४ किंवा वरची, एवढं तयार ठेवा, आणि डीजीसीएकडून लायसन्स व्हेरिफिकेशनचं काम सगळ्यात आधी सुरू करा कारण वेळ तिथंच जातो. तिथं पोचल्यावर इन्स्ट्रक्टरबरोबर चेक फ्लाइट असते, त्यासाठी सुट्टीतले सुरुवातीचे दोन दिवस मोकळे ठेवा, लॉजचं बुकिंग त्या दिवसांवर नको.

व्हिसा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच मागायचा, कारण तुम्ही बोत्सवानात जाऊन परत येणार आहात, सिंगल एंट्रीवर बाहेर पडलात तर परतीचं काय. बाकीच्या देशांचे आपल्या पासपोर्टसाठीचे नियम मधे मधे बदलतात, त्यामुळं तिकीट काढायच्या आधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा, ओळखीच्या कुणाला मागच्या वर्षी काय लागलं त्यावर जाऊ नका. पासपोर्टला कोरी पानं भरपूर पाहिजेत, दर बॉर्डरला जाताना एक आणि येताना एक शिक्का पडतो. मुलं बरोबर असतील तर जन्मदाखला ठेवा.

मुंबईहून जोहान्सबर्गला जाताना बऱ्याचदा नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलावं लागतं, आणि ते दोन्ही देश यलो फीव्हरच्या यादीत आहेत. ट्रान्झिट १२ तासांच्या वर गेला तर दक्षिण आफ्रिका पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, मागते. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड चालू होतं आणि मग आयुष्यभर चालतं, मुंबईत सरकारी केंद्रं आहेत, एकदाच काय ती चक्कर मारून या. मलेरियाच्या गोळ्या पण लागतील, पण मेफ्लोक्वीन पायलटला चालत नाही, डोक्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून फॅमिली डॉक्टरपेक्षा तुमची क्लास २ मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा.

आता बॉर्डर. गाडीनं जाताना बॉर्डर रस्त्यावर लागते, विमानाला ती विमानतळावर लागते. दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडताना शेवटचं टेकऑफ कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावरूनच पाहिजे, आणि पलीकडचं पहिलं लँडिंग पण तसल्याच विमानतळावर. मधे कुठंही नाही, लॉजची धावपट्टी बॉर्डर ओलांडल्यावर पाच मिनिटांवर दिसत असली तरी नाही. म्हणून नकाशा घ्यायचा आणि आधी कस्टम्स असलेल्या विमानतळांना गोल करायचे: इकडं लान्सेरिया, पोलोक्वाने, क्रुगर एम्पुमलांगा, तिकडं बोत्सवानात गॅबोरोन, फ्रान्सिसटाऊन, मौन, कसाने. मग दुसऱ्या रंगानं अॅवगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळणारी ठिकाणं. या दोन रंगांत जे बसतं त्यातून लॉज निवडायचं. घरच्यांनी इन्स्टाग्रामवर एखादं आधीच पसंत केलेलं असेल तर तेवढी चर्चा नाशिकलाच उरकून घ्या.

साधा रूट सांगतो. लान्सेरिया ते पोलोक्वाने, तिथं एक्झिट शिक्के, तिथून फ्रान्सिसटाऊन साधारण २०० नॉटिकल मैल, तिथं बोत्सवानाची एंट्री, मग मौन अजून साधारण २४०. एका दिवसात होतं, पण हिवाळ्यात तिथं पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि जंगलातल्या पट्ट्यांना दिवे नसतात, त्यामुळं मौनला मुक्काम करा आणि लॉजकडं दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

प्रत्येक बॉर्डरला जनरल डिक्लेरेशन लागतं, सगळे त्याला जेन डेक म्हणतात. एका पानाचा फॉर्म आहे, विमानाचा नंबर, कुठून कुठं, क्रू, प्रवासी, कुणी आजारी आहे का. पायलट म्हणून तुमचं नाव क्रूमध्ये जातं, पण इमिग्रेशनच्या खिडकीवर सुट्टीवर आलोय हे स्पष्ट सांगा. हे फॉर्म नाशिकलाच भरपूर प्रिंट काढून न्या, इमिग्रेशनला एक, कस्टम्सला एक, विमानतळाच्या ऑफिसला एक, आपल्याला शिक्का मारलेली एक, आणि कुणीतरी अजून एक मागतंच. शिक्क्याला तिथं आपल्या तहसील कचेरीएवढाच मान आहे, आपल्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण न्या, त्याशिवाय एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथं, फिरू देत नाहीत. पांढरा शर्ट घालून गेलं तर गेटवर प्रश्न कमी विचारतात असं जुने पायलट सांगतात, मला पटतं.

विमानाची कागदं म्हणजे रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस, रेडिओ लायसन्स, इन्शुरन्स, वेट अँड बॅलन्स. ती मालक देतो, पण दोन गोष्टी मागून घ्याव्या लागतात: विमान देशाबाहेर न्यायची परवानगी देणारं मालकाचं पत्र आणि इन्शुरन्समध्ये त्या त्या देशाचं नाव लिहिलेलं. तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ चालत नाही.

फ्लाइट प्लॅन बॉर्डरसाठी सक्तीचा. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत टाकायची, तिथं यूटीसीच्या दोन तास पुढं, आपल्याकडं साडेपाच, आणि मोबाइलचं घड्याळ भारतावर राहिलेलं असेल तर गोंधळ ठरलेला. काही देश आधी क्लिअरन्स नंबर देतात, तो फ्लाइट प्लॅनच्या फॉर्ममधल्या आयटम १८ च्या रकान्यात लिहायचा. एफआयआर म्हणजे एका कंट्रोल सेंटरच्या ताब्यातलं आकाश, त्याची हद्द टेकऑफनंतर किती वेळात ओलांडाल तो अंदाज (ईईटी) पण तिथंच. लॉजच्या पट्टीला चार अक्षरी कोड नसेल तर त्या जागी चार वेळा झेड आणि आयटम १८ मध्ये नाव. आणि लँडिंगनंतर प्लॅन बंद करायला विसरायचं नाही, जिथं टॉवर नाही तिथून फोन करून बंद करायचा, नाहीतर तुम्ही लॉजवर चहा पिताय आणि तिकडं शोधाशोध सुरू. जंगलात मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही म्हणून सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर भाड्यानं घ्या.

सगळ्यात मजेशीर टप्पा कसाने ते लिव्हिंगस्टन. जेमतेम ४० नॉटिकल मैल, पण बोत्सवानाचं पूर्ण एक्झिट आणि झांबियाची पूर्ण एंट्री, कागदाला वेळ उडण्यापेक्षा जास्त. कझुंगुलाजवळ बोत्सवाना, झांबिया, झिंबाब्वे आणि नामिबिया असे चार देश जवळपास एका ठिकाणी भेटतात, खाली २०२१ मध्ये सुरू झालेला वळणदार पूल दिसतो, आणि तो वळणदार आहे कारण झिंबाब्वेची हद्द टाळून बांधलाय. तुम्हालाही तेच करायचंय. कझुंगुलाच्या पुढं झांबेझीच्या दक्षिणेला झिंबाब्वे, म्हणून नदी उजव्या हाताला ठेवायची आणि उत्तरेच्या बाजूनं जायचं. फोटोसाठी उजवीकडं सरकत गेलात तर परवानगी नसलेल्या देशात शिरलात. व्हिक्टोरिया फॉल्सवरून चक्कर मारायची तर तिथं हेलिकॉप्टरं, मायक्रोलाइट सतत फिरत असतात आणि दोन देशांचे दोन टॉवर आहेत, त्यामुळं कंट्रोलरला विचारून, सांगितलेल्या उंचीवर आणि सांगितलेल्या दिशेनंच.

आता एक गोष्ट जी आपल्याकडं शिकलेल्यांना खरंच नवी आहे, उंची आणि गरमी एकत्र. धुळं समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत आहे, लान्सेरिया साडेचार हजारावर. मौन ३,१०० फूट, आणि ऑक्टोबरमध्ये ३५ डिग्री सहज. हिशोब करा: ३,१०० फुटांवर स्टँडर्ड तापमान साधारण ९ डिग्री, फरक २६, प्रत्येक डिग्रीला १२० फूट, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड ६,२०० च्या वर. विमानाला वाटतं आपण सव्वासहा हजार फुटांवर आहोत. टेकऑफ रन लांबतो, चढण मंदावते, मिक्स्चर फुल रिच, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त, ठेवून निघालात तर अजूनच बोंब, त्यामुळं टेकऑफच्या आधी मॅन्युअलप्रमाणे लीन करायचं, म्हणजे इंधन कमी करायचं. लँडिंगला एअरस्पीड नेहमीचाच दाखवतो पण जमीन जास्त जोरात पळताना दिसते, म्हणून नाक वर ओढायचा मोह होतो, तो आवरायचा, काट्यावर विश्वास ठेवायचा. चार मोठी माणसं, फुल टाकी आणि सामान हे १७२ मध्ये इथंही बसत नाही आणि तिथं तर नाहीच, १८२ घ्या किंवा दोघंच जा. बॅगा मऊ कापडाच्या, चाकवाल्या सुटकेस नाहीत. चिवड्याचं वजन पण धरा, आई लोक किलोकिलोनं देतात.

उडायचं सकाळी, दुपारी हवा उकळते आणि मागचे उलट्या करतात. महिने मे ते ऑगस्ट चांगले. आपल्याकडं गंगापूर धरण भरत असतं तेव्हा तिथं कोरडा हिवाळा, आणि ओकावांगो डेल्टात पाणी पण तेव्हाच सगळ्यात जास्त, कारण अंगोलात पडलेला पाऊस तिथं पोचायला महिने लागतात. ऑगस्टनंतर वणव्यांचा धूर वाढतो, नोव्हेंबरपासून वादळं.

इंधन. अॅवगॅस सगळीकडं नसतं आणि असलं तरी संपलेलं असू शकतं, म्हणून नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना) बघा आणि आदल्या दिवशी फोन करून ‘आज आहे का’ असं विचारा. भरताना स्वतः उभं राहा, निळं आहे का बघा, कारण बाजूलाच जेट ए-१ चा, म्हणजे जेट विमानांच्या इंधनाचा, टँकर असतो आणि ते तुमच्या इंजिनात गेलं तर टेकऑफनंतर इंजिन बंद पडतं. ड्रममधून घेत असाल तर सील तपासा, गाळून घ्या, आणि ड्रेन करून पाणी बघा.

मातीच्या पट्टीवर आधी एक लो पास, हत्ती-हरणं हटवायला आणि खड्डे बघायला, रानडुकरं धावपट्टी उकरून ठेवतात. रात्री विमान बांधून ठेवा आणि चाकांभोवती काटेरी फांद्या लावा, तरस टायर चावतात, लॉजवाले फांद्या आणून देतात. नॅशनल पार्कवरून खालून उडायचं नाही, दक्षिण आफ्रिकेत पार्कच्या सगळ्यात उंच जागेपासून २,५०० फूट वर राहायचं असा कायदा आहे.

पैसे: एका ट्रिपला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर. छोट्या डॉलर नोटा ठेवा, लँडिंग फीला सुट्टे मिळत नाहीत. भाडं वेट (इंधनासकट) आहे की ड्राय (इंधनाशिवाय), दिवसाला कमीत कमी किती तासांचे पैसे लावणार, आणि बाहेरच्या देशात भरलेल्या इंधनाचे पैसे कुठल्या रेटनं परत देणार, हे लेखी घ्या, मालक बऱ्याचदा त्याच्या गावच्या रेटनं देतो आणि जंगलात तेच इंधन महाग असतं.

परत येताना तीच साखळी उलटी: बोत्सवानाचं एक्झिट, दक्षिण आफ्रिकेत पहिलं लँडिंग कस्टम्सच्या विमानतळावर, किती वाजता पोचणार ते आधी कळवून. शनिवार-रविवारी तिथला माणूस लवकर निघून जात नाही ना ते विचारून ठेवा. आणि मुंबईच्या फ्लाइटच्या आधी एक दिवस रिकामा सोडा, हवामान बिघडलं तर विमान मौनलाच राहतं आणि तुम्हीही.