पैलवानाच्या चेहऱ्यावर रंकाळा: धुरकटपणा असा गेला

तालमीतल्या पैलवानाच्या फोटोवर रंकाळा तलावावरच्या संध्याकाळचा फोटो फोटोशॉपमध्ये स्क्रीन मोडने (दोन लेअर म्हणजे थर मिसळायची एक पद्धत) चढवला, की चेहरा धुरकट होतो. हा मोड फक्त उजळवतो. वरच्या फोटोतलं शुद्ध काळं तेवढं नाहीसं होतं आणि आकाश गालाकपाळावर पांढरं साचतं. वरच्या थराची ओपॅसिटी (अपारदर्शकपणा) कमी केली तर पाणीही फिकं पडतं, म्हणून तो उपाय नव्हेच.

मी आधी लेव्हल्समध्ये (फोटोतला उजेड-अंधार ठरवणारी सोय) चेहऱ्याचा काळा स्लायडर २५ च्या आसपास आणला. मग रंकाळ्याच्या लेअरवर डबल-क्लिक करून ब्लेंड इफमधल्या (उजळपणानुसार थर कुठे दिसावा हे ठरवणारी सोय) 'अंडरलाइंग लेअर'चा, म्हणजे खालच्या फोटोचा, पांढरा त्रिकोण ऑल्ट दाबून फोडला: एक अर्धा ११० वर, दुसरा १८० वर. आता पाणी केसांत, मिशीत, मानेखालच्या सावलीतच उतरतं; उजळ त्वचा शाबूत राहते. ऑल्ट न दाबता ओढलं, तर कड करवतीने कापल्यासारखी दिसते.

डोळ्यांवर लेअर मास्क (थराचा हवा तो भाग लपवणारा पडदा), मऊ काळा ब्रश, फ्लो (ब्रशमधून रंग उतरण्याचा वेग) १० टक्के. इथे घाई नको, माणूस डोळ्यांतच ओळखू येतो. आखाड्याच्या तांबड्या मातीचा फोटो मल्टिप्लायने (गडद करणारा मोड), वेगळ्या लेअरवर.

१२ बाय १८ इंची प्रिंट ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) काढायची, तर फाइल सुरुवातीलाच ३६०० बाय ५४०० पिक्सेलची हवी.