युद्धाच्या पट्ट्यातून घरी आलेला खलाशी: या चुका टाळा

नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि दापोली-गुहागरकडे ज्यांची मुलं बोटीवर असतात, त्यांच्या घरात युद्ध शिरलं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच संध्याकाळी होते. पोरगा आला की ओटीवर अर्धी वाडी जमते आणि ‘मिसाइल पडलं तेव्हा तू कुठे होतास?’ सुरू होतं. बोलला की मोकळा होईल, हा त्यामागचा भाव चांगलाच असतो. पण एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत नको म्हणते. तिच्या मानसिक प्रथमोपचारात कामं तीनच: पाहा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या. तो आपणहून बोलला तर मध्ये न तोडता ऐका. गप्प राहिला तर पेज वाढा, झोपू द्या. आणि अडकलेला पगार, जहाजावर राहिलेली सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंदवही), पासपोर्ट यांच्या मागे कोणीतरी लागा. निम्मी घालमेल तिथेच असते.

‘विसर आता, जिवंत आलास ना!’ हेही नको. तो पुढे तोंड उघडत नाही.

फटाक्याच्या आवाजाने तो दचकून थिजला, तर मागून धरू नका. समोर या, नावाने हाक मारा आणि साध्या आवाजात सांगा: ‘आज गुरुवार. तू घरी आहेस, खळ्यात. तो फटाका होता.’ पाय जमिनीवर टेकवायला लावा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. गणपतीत, शिमग्यात वाडीत फटाके कधी लागणार ते आधीच कानावर घाला.

स्फोट जवळून झाला असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, हाक न ऐकणं हे सगळं मनाचंच धरू नका. कान आणि डोकं आधी तपासून घ्या.

झोपेसाठी दारू नको, शेजाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पहिल्या महिन्यात अशा धक्क्यावर उतारा म्हणून झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असंच शास्त्र सांगतं. बरेचसे लोक काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिन्यानंतरही तीच स्वप्नं पडत असतील, समुद्राकडे जाणं टाळत असेल, तर देवरुषाकडे दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठा.

‘जगून काय उपयोग’ असं तो म्हणाला, तर महिना थांबू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. पडवीतली आंब्याच्या फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.