हवेच्या गादीखाली हात घातलात का?

आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर, पडून पडून अंगाला जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून आम्ही हवेची गादी भाड्याने आणली. पंप लावला, हिरवा दिवा लागला, झालो निश्चिंत. पाचव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी फिका पडेना. नळी कॉटच्या पायाशी दुमडली होती. गादी कडेला टम्म, मध्ये चपटी. पुढच्या आठवड्यात मामाला घरी आणायचंय, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतेय.

कॉट, उशा, डायपर कुणी सांगायला नको. हवेची गादी नुसत्या फळीवर टाकू नका, खाली नेहमीची फोमची गादी असू दे. नळ्यांची बाजू पायाकडे. पंप पायथ्याला टांगा, केर काढताना धक्का लागणार नाही असा. त्याचं बटण पेशंटच्या वजनावर लावायचं असतं. दुकानदाराने लावून दिलं तेच बरोबर, असं धरून चालू नका.

आता पेशंटला झोपवा आणि हात घाला. तळहात वर करून, हवेच्या गादीच्या खालून, बरोबर माकडहाडाखाली. मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर गादी बसलीय, दिवा कितीही हिरवा असो. तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात नि उतरतात, एक फेरी साधारण दहा मिनिटांची, तेव्हा एकदा चाचपून उठू नका. थांबा, पुन्हा हात घाला. मी पाच दिवसांत एकदाही घातला नव्हता.

वर एकच सुती चादर, तीही सैल. मेणकापडाच्या घड्या नकोत, गोधडी तर नकोच. आमच्या मावशींनी मायेने दुपदरी गोधडी घातली होती. मग गादीचं भाडं कशाला भरायचं?

पंप इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे का बघा. पुण्यात गुरुवारी वीज जाणार हे माहीत असूनही आम्ही पाहिलं नव्हतं. वीज आली की? हात. जेवायला डोक्याकडची बाजू उचलली की सगळा भार माकडहाडावर येतो, तेव्हाही हात. तीस अंशांच्या वर फार वेळ ठेवू नका, पेशंट घसरतो आणि कातडी खेचली जाते.

गादी आहे म्हणून कूस बदलायची सुटत नाही. आम्हाला दर दोन तासांनी सांगितलं होतं; रात्री दोनचा गजर मीच बंद करायचे. टाचांसाठी उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. अंगाखाली रबरी रिंग नको. लाल जागा चोळू नका. कातडी फुटली, काळी पडली, वास आला तर फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर बोलवा. डाळ, अंडी, पाणी, औषधं, हे सगळे करतातच. डिपॉझिटची पावती फ्रिजवर. रात्रपाळीच्या मावशी आल्या की आधी त्यांचा हात गादीखाली घालून दाखवा, मग चहा.