पावसात अनंत रंगवायचा तर

आमच्या वेंगुर्ल्यात अनंत भरात येतो तो मृगाच्या आसपास, आणि नेमका तेव्हाच कागद सुकायचं नाव घेत नाही. तरी जलरंगात रंगवायचा तो याच दिवसांत.

फूल उजाडताच देठासकट तोडा आणि स्टीलच्या पेल्यात पाण्यात ठेवा. पाकळीला बोट लावू नका, लावलं तिथे तपकिरी पडते. दुसऱ्या दिवशी फूल पिवळटायला लागतं, म्हणजे हातात जेमतेम एक दिवस. पेन्सिल हलकी चालवा. खोडरबर घासला की कागदाचा वरचा थर उठतो आणि पुढे रंग तिथेच डाग धरतो.

कागद कापसाचा, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड घ्या. यात काटकसर नको, रंगात केलीत तरी चालेल. एका पावसाळ्यात मी अख्खं पॅड पलंगाखाली ठेवलं होतं. दिसायला कोरं करकरीत, पण पहिलाच हात मारला आणि टीपकागदानं शाई प्यावी तसा रंग ठिपक्याठिपक्यांनी आत गेला. रंग पटकन आत शोषू न देणारं कागदावरचं सरस दमटपणानं मरतं, ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हापासून माझे कागद पिठाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात.

आता मुख्य गोष्ट. पांढरा रंग पेटीतून बाहेर काढायचाच नाही. फुलाचा पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो उजळतो मागच्या पानांमुळे. म्हणून आधी पानं. अनंताचं पान काळपट हिरवं, तुकतुकीत. निळ्या-पिवळ्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी घाला, नाहीतर ते प्लास्टिकचं दिसतं. पाकळीच्या कडेला हा गडद रंग रेघेसारखा नेमका टेकवा, आणि पानाची दुसरी बाजू स्वच्छ ओल्या ब्रशनं विरवून टाका. माझ्या सासूबाई हे बघून दर वेळी विचारतात, ''गो, फूल खंय आसा? तू तर पानांच रंगवतस!'' सावंतवाडीत जन्मलेल्या चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, तेही जलरंगातलं. तिच्या बोटांतून झिरपणारा उजेड एवढा उजेड वाटतो, कारण भोवती अंधार आहे.

पाकळ्यांतली सावली मात्र जपून. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये नावापुरता बर्न्ट सिएना, बाकी पाणीच. मध्याशी लिंबू-पिवळ्याची फिकट झाक. खालच्या पाकळीवर पानाचा हिरवा उमटलेला असतो, तो शोधा. बहुतेकांना दिसतच नाही.

पानं सुकली का ते पाठच्या हातानं बघा. कागद गार लागला तर आत ओल आहे. अशात पुन्हा ब्रश टेकवलात तर पाणी रंगाला मागे रेटतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. ड्रायरचंही तेच, ओल्या थेंबाला तो नुसता पळवतो. शिवाय जूनमध्ये वीज असेल तर ना. मी सरळ जेवण करायला उठते. भात उतरवून, निवट्याचं कालवण चुलीवर ठेवून परत येईपर्यंत कागद बऱ्यापैकी तयार असतो.

पिवळटलेलं फूल सासूबाई देवाला वाहत नाहीत. त्या ते उशीखाली ठेवतात. वास अजून दोन दिवस तसाच येतो.