'जेवलास' की 'जेवलीस': पारलिंगी अपत्याच्या घरच्यांसाठी

मुलगा म्हणून वाढवलेल्या अपत्याने 'मी मुलगी आहे', म्हणजेच आपण पारलिंगी आहोत, असे सांगितले, की मराठी घराची पहिली परीक्षा बोलण्यातच होते. आपल्याकडे 'जेवलास का?' या साध्या प्रश्नातही लिंग येते, आणि 'अरे' म्हणायचे की 'अगं', हे तर हाक मारण्याआधीच ठरवावे लागते. म्हणून कोणते नाव आणि कोणती क्रियापदे वापरायची, हे प्रथम तिलाच विचारावे. ती कोणासमोर वापरायची नाहीत, हेही विचारून घ्यावे. कारण शाळेत किंवा आजोळी तिने अजून काही सांगितले नसेल, तर आपण प्रेमाने मारलेली हाकच तिचे गुपित फोडते. चुकून 'आलास' निघून गेले, तर 'आलीस' म्हणावे आणि पुढे बोलत राहावे. माफी मागत बसल्यास आपली समजूत काढण्याचे काम तिच्याच गळ्यात पडते. 'दादा'ची 'ताई' करणे धाकट्या भावंडांना मोठ्यांपेक्षा बहुधा लवकर जमते.

सणाला हाच प्रश्न पाटापाशी येतो. भाऊबीजेला तिने ओवाळून घ्यायचे की ओवाळायचे, हे ताट हातात घेतल्यावर पाहुण्यांसमोर नव्हे, तर दोन दिवस आधी ठरवावे.

'आमचे काय चुकले?' या प्रश्नाने आईवडील खचतात. काहीही चुकलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी असण्याला मानसिक विकार मानलेले नाही. त्यामुळे 'बरे करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरपासून आणि मांत्रिकापासून सारखेच लांब राहावे. आईवडिलांना दुःख होणे समजण्यासारखे आहे, पण ते समुपदेशकापुढे किंवा याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या पालकांपुढे मोकळे करावे, मुलीपुढे नव्हे.

नातेवाईक 'घराबाहेर काढा' असा सल्ला देतील. पारलिंगी व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे हा 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगावे. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजीच्या निकालात मान्य केला होता. कागदपत्रांतील बदलासाठी मात्र अर्जापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम तपासावेत.

भिंतीवरचा मुंजीचा फोटो ठेवायचा का, हेही तिलाच विचारावे. नको म्हणाली, तर तो उतरवून आईच्या कपाटात ठेवावा, फाडू नये.