बेळगावातून बदामी-पट्टदकल कसं करायचं, लाल दगडाची ट्रिप

सुट्टीत पाहुणे आले की बेळगावात सगळ्यांच्या गाड्या एकतर गोव्याकडं नाहीतर आंबोलीला. मी सांगतो एकदा उलटं पूर्वेकडं जावा. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा हिरवं रान सोडून कोरड्या मुलखात शिरते, तिथं हे लाल दगडाचं बदामी आहे. झाडी कमी, काटेरी झुडपं आणि मधेच उभे सरळ तुटलेले लालभडक कडे, आपल्या भागातला माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा गप्पच होतो.

अंतर साधारण दीडशे किलोमीटर, यरगट्टी-रामदुर्गवरून. पहाटे पाचला सुटायचं म्हणजे सुटायचं, नाष्टा वाटेत. गाडी नसेल तर बसनं बागलकोट आणि तिथून बदामी, पण मग मुक्कामच करा. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल-मे मधे लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन अजिबात जाऊ नका, दगड तापला की सावलीतसुद्धा झळ लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसात बदामी, पट्टदकल, ऐहोळे ही चालुक्य राजांच्या काळातली तिन्ही ठिकाणं उरकायची. होतं तसं, पण बघितल्यासारखं काही होत नाही. एकच दिवस असेल तर बदामी आणि पट्टदकल (बावीस किलोमीटर) एवढंच करा, ऐहोळेला वेगळा दिवस.

पोचल्या पोचल्या आधी लेण्या, उन्ह चढायच्या आत. चार लेण्या आहेत, पायऱ्या चढत एकेक लागते. पहिलीत अठरा हातांचा नटराज, तो सगळेच बघतात. तिसरीत मात्र बसा थोडा वेळ. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या वेळी त्याचा भाऊ मंगलेशानं खोदवून घेतलेली, तिथं ५७८ सालच्या कार्तिक पौर्णिमेचा शिलालेख आहे, म्हणजे कधी खोदली ते दगडावरच लिहून ठेवलंय. आणि खांब अगदी जवळून बघा, हात लावू नका पण जवळून बघा, लाल, पिवळट, जांभळट पट्टे एकावर एक गेलेत, सागवानाची फळी रंधल्यावर रेषा दिसतात तशा. ही वाळू कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचून घट्ट झालेली, लाल रंग तिच्यातल्या लोखंडाचा. मूर्तीच्या गालावरून असा पट्टा गेलेला दिसला की कारागिरानं दगड किती ओळखला होता ते कळतं. चौथी लेणी जैनांची, दमलो म्हणून ती सोडून खाली उतरू नका.

माकडं फार आहेत. आमच्या आईच्या हातातली पिशवी ओढून नेली, भाकरी गेली ते ठीक पण तिची बीपीची गोळी त्यातच होती. खायचं गाडीत ठेवा, औषध-मोबाईल खिशात.

जेवायला पाच किलोमीटरवर बनशंकरीला जावा. देवळाजवळ बायका बुट्टीत ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, दही घेऊन बसतात, पोटभर होतं. दर्शन पण होतं, आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवी.

दुपारी पट्टदकल. इथं मलप्रभा उत्तरेला वळते म्हणून राजांचे पट्टाभिषेक इथं व्हायचे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीनं बांधलं, नवऱ्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं त्याची आठवण म्हणून. देवळं बघून झाली की मागं नदीवर जावा, कणकुंबीच्या पावसाचंच पाणी हे, मला तिथं उभं राहिलं की फार बरं वाटतं.

साडेचारपर्यंत परत बदामीत, अगस्त्य तलावाच्या टोकाला भूतनाथाच्या देवळापाशी. सूर्य उतरायला लागला की मागचा कडा आधी केशरी मग विटेसारखा लाल होतो आणि ते सगळं पाण्यात दिसतं. फोटो काढा पण दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवून नुसतं बसा की.

दुसरा दिवस काढलात तर ऐहोळेला दुर्ग मंदिराबरोबर टेकडीवरचं मेगुती चढायचंच. तिथं रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा धनी झाला असं लिहिलंय. आपण सीमाभागातली माणसं, हा शब्द तिथं कोरलेला बघायला तरी पोरांना घेऊन जावा. आणि येताना अमीनगडचं करदंट (डिंक-सुकामेव्याची वडी) घ्या, बायकांनी सांगितलं असेल तर गुळेदगुड्डचे खण.

बदामीचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, वार बघून निघा. परतताना सूर्य बुडाला की लगेच सुटा, उसाच्या दिवसात यरगट्टीच्या पट्ट्यात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असतात आणि कितीकांना मागं लाईट नसते, सावकाश चालवा.